नावाशेजारची चौकट

तिच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. माझ्यावर ठेवायचा तर प्रश्नच नव्हता. तिला निदान तोंड होतं. मला आहेत चार रेघा, दोन उभ्या नि दोन आडव्या. रेघांचं कोण ऐकतं? पण त्या दुपारी मी तिथे होते. जे झालं ते माझ्या नाकाखाली झालं, अगदी बोटभर अंतरावर. म्हणून आज बोलायचंच ठरवलंय. कुणाला राग आला तर येऊ दे.

मी चौकट बोलतेय. पेपर हातात घेतलात की पहिल्या पानावर सगळ्यात वर पेपरचं नाव दिसतं ना, जाड काळ्या अक्षरांत? त्या नावाच्या उजव्या हाताला एक लहानशी चौकट असते. दोन काड्यापेट्या शेजारी शेजारी ठेवल्या तर होईल तेवढीच. ती मी. आकारावर जाऊ नका. आतल्या पानांवर जाहिराती बाजारात माणसं उभी राहतात तशा दाटीवाटीने उभ्या असतात. माझ्यात एका वेळी एकच. मला मिळवायला मोठमोठे दुकानदार वर्ष वर्ष वाट बघतात.

माझा जन्म पट्टीकाकांच्या हातचा. काका पान लावायचे. तेव्हा पान हातानेच लागायचं. बातमी वेगळ्या कागदावर यायची, मथळा वेगळ्या, फोटो वेगळा. काका ते सगळं ब्लेडने कापायचे, मागे डिंक लावायचे आणि एका मोठ्या कागदावर सरळ रेषेत चिकटवायचे. त्यावरून मग पत्रा तयार व्हायचा आणि तो मशीनवर चढायचा. काकांच्या कानावर पेन्सिल आणि काखेत पोलादी पट्टी. जेवतानासुद्धा पट्टी ताटाशेजारी ठेवतात, असं त्यांची बायको सांगायची. "माझा हात कधी धरला नसेल एवढी ती धरतात," म्हणायची.

माझ्या आधी त्या जागेत हवामान छापायचे. आज ऊन. उद्याही ऊन. एके दिवशी मालक आले. हे पेपरचे मालक. चष्मा कपाळावर, बाह्या कोपरापर्यंत, आणि आले की सगळ्यांच्या खुर्च्या सरळ व्हायच्या. त्यांनी त्या जागेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "काका, ऊन लोकांना खिडकीतून दिसतं. ते सांगायला एवढी मोक्याची जागा कशाला? चौकट आखा."

काकांनी पट्टी ठेवली, श्वास रोखला आणि चार रेघा ओढल्या. चारही कोपरे असे जुळले की सुई शिरायला जागा नाही. मला म्हणाले, "झालीस. आता नीट वाग." पहिल्या दिवशी शाळेच्या दारात सोडताना सांगतात ना, तसं.

आमचा पेपर संध्याकाळचा. बाराला पान बंद, सव्वाबाराला मशीन सुरू. पहिल्यांदा ते मशीन सुरू झालं तेव्हा मला वाटलं, इमारत बसली खाली. जमीन हादरत होती, हवेत शाईचा वास, आणि कागद पाण्यासारखा वाहत होता. आणि मग मी एकाची दोन झाले. दोनाची शंभर. शंभराची हजार. थांबले तेव्हा मी चाळीस हजार होते!

चाळीस हजार ठिकाणी एकाच वेळी असणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगून समजायचं नाही. मला स्वतःलाच अजून समजत नाही. मी न्हाव्याच्या आरशापुढे असते, दवाखान्याच्या बाकावर असते, बँकेतल्या साहेबाच्या टेबलावर असते आणि त्याच क्षणी कुणाच्या तरी ओल्या चपलांखाली असते. माणसं मला वाचता वाचता चहाचा कप माझ्यावर ठेवतात. फोनवर बोलताना पेन घेऊन माझ्या रेघा पुन्हा पुन्हा गिरवतात, बोलणं जेवढं लांबेल तेवढ्या जाड. नवरा-बायकोचं भांडण असलं की नवरा पेपर उघडून तोंडापुढे धरतो, आणि मी बायकोच्या समोर येते. किती बायकांचे डोळे मी असे पाहिलेत! बातम्या एकीकडे आणि ते डोळे एकीकडे.

एक उणीव मात्र आहे. माझ्या आत काय छापलंय ते मला दिसत नाही. तुमचं कपाळ तुम्हाला दिसतं का? खालचं, शेजारचं सगळं दिसतं, फक्त स्वतःचं नाही. कुणी मोठ्याने वाचलं तर कळतं. माझी शाळा तेवढीच.

सुरुवातीला माझ्यात साबण आला, मग छत्र्या, मग कुणाचं तरी केस वाढवायचं तेल. ते तेल विकणाऱ्याला स्वतःला टक्कल होतं. मग आला घड्याळवाला. शहरातलं सगळ्यात मोठं दुकान त्याचं. त्याने मला एका वर्षासाठी घेतलं. रोज एकच चित्र: एक घड्याळ, काटे दहा वाजून दहा मिनिटांवर. पण त्याच्या अटी होत्या. एक, पहिल्या पानावर दुसरी जाहिरात नको. दोन, माझ्या खाली किंवा बाजूला वाईट बातमी नको. चोरी नको, मरण नको, आग नको. अशा अटी लिहून, सही करून, करार झाला. पेपरवाल्यांत ही रीतच आहे. महागड्या जाहिरातीला अशुभाचा वाराही लागू देत नाहीत.

आणि मला माज आला. खोटं कशाला सांगू? माझ्या शेजारी कोण बसणार हे मालक स्वतः येऊन बघायचे. पूल कोसळला तरी बातमी माझ्यापासून दोन बोटं लांब. मला वाटायला लागलं, जगात वाईट काही घडतच नाही.

आता तिच्याबद्दल सांगते.

तिला सगळे किल्लीमावशी म्हणायचे. शहरात ती अकरा घरी कामाला जायची. झाडू, फरशी, कपडे. पण तिची खरी कमाई वेगळीच होती. घरातली माणसं बाहेरगावी निघाली की घराची किल्ली तिच्या हातात द्यायची. ती झाडांना पाणी घालायची, माशांना दाणे टाकायची, दारातली पत्रं उचलून टेबलावर ठेवायची. तिच्या कमरेला अकरा किल्ल्यांचा जुडगा. येतेय हे जिन्यातूनच कळायचं. "माझी अकरा घरं आहेत," ती म्हणायची, "राहायला तेवढी एक खोली." ती खोली शहराच्या पार टोकाला होती, बस जिथे वळून परत फिरते तिथे.

एका सकाळी तिला बसथांब्यावरच्या बाकाखाली पिशवी सापडली. आत दवाखान्याचे कागद, औषधं, आणि रुमालाच्या गाठीत कानातल्यांचा जोड. मावशी बाकावर बसली. एक बस गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. कंडक्टर म्हणाला, "मावशी, येताय की घर बांधताय इथे?" ही म्हणाली, "जिची आहे ती बया इथेच धापा टाकत येणार. मी हलले तर तिने कुणाकडे बघायचं?" दोन तासांनी ती बया आली. रडत आली, हसत गेली.

नेमका आमच्या पेपरचा फोटोवाला त्याच थांब्यावर होता. तिथे पिशव्या लांबवणारी एक बाई त्याच सकाळी पकडली गेली होती, तिचा फोटो काढायला तो आला होता. त्याने मावशीचाही काढला. मावशी म्हणाली, "थांब मेल्या, केस तरी बसवू दे. जन्मात एकदा पेपरात येणार, तेही झिंज्या पिंजारून?"

त्या दिवशी काकांनी पान लावलं. माझ्या खाली चोरबाईचा फोटो, त्यावर मथळा: 'पिशव्या पळवणारी अखेर सापडली.' खाली, पानाच्या तळाशी, मावशीचा फोटो: 'दोन तास बसून पिशवी परत केली.' बाराला दहा कमी होते. मालक आले, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि ओरडले.

"काका! घड्याळवाल्याच्या खाली चोर?"

"बातमी मोठी आहे, मालक. शहरभर तीच चर्चा."

"चर्चा गेली खड्ड्यात. करारात काय लिहिलंय? हलवा."

"आता? सगळा मजकूर उचलायला वीस मिनिटं लागतील."

"मजकूर राहू द्या. चेहरे बदला. खालची बाई वर, वरची खाली. लोक चेहरा बघतात हो, मजकूर कोण वाचतंय!"

काका हलले नाहीत. "मालक, मथळा तोच राहतोय. चांगल्या बाईच्या डोक्यावर चोराचा मथळा येईल."

आमचा पेपर दोन खेपांत निघायचा. आधी शहराची खेप, मग लांबच्या वस्त्यांची. मालक घड्याळाकडे बघत म्हणाले, "शहराची खेप निघू द्या आधी. मथळे, मजकूर लांबच्या खेपेला बदला. का मशीन थांबवताय तुमच्या जिवावर?"

काकांनी ब्लेड उचललं. मी माझ्या चारही कोपऱ्यांतून ओरडले. काका, नका! पण डिंक लागला, चेहरा चिकटला. खाली बघते तर मावशी, केस छान बसवलेली, ओठ मिटून हसणारी, आणि तिच्या कपाळावर: 'पिशव्या पळवणारी अखेर सापडली.'

मशीन सुरू झालं. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या मशीनची भीती वाटली. केवढी ताकद ती! एका चेहऱ्याचे वीस हजार चेहरे, आणि वीस हजार वेळा तेच खोटं, एकाही ठिकाणी शाई न फिसकटता. मी नुसती बघत राहिले. माणूस किती पटकन चोर होतो! चोराला चोरी करायला जेवढा वेळ लागतो त्याच्याहूनही कमी वेळात.

नंतर मशीन थांबलं. काकांनी घाईघाईने मथळे आणि मजकूर बदलले, नवा पत्रा चढला, लांबची खेप निघाली. त्या खेपेत सगळं बरोबर. मावशी वर, माझ्या खाली, मानाने. दप्तरात फायलीला जो अंक लावतात तो शेवटचा, म्हणजे हाच बरोबर अंक.

आता गंमत बघा. मावशी राहायची कुठे? शहराच्या टोकाला. तिने संध्याकाळी पेपर घेतला तो लांबच्या खेपेतला. फोटो बघून तिने शेजारणीला हाक मारली, शेजारणीने सगळ्या चाळीला. चार जणींनी मिळून कातरीने कापला आणि भिंतीवर लावला. सोबत मीही आले, फोटोच्या वर असल्यामुळे. तेव्हापासून मी तिच्या भिंतीवर आहे.

आणि ती काम करायची कुठे? शहरात. अकराही घरांत पहिली खेप गेली होती. त्या अकरा घरांत मीही होते. एक घर तेव्हा बंद होतं, बाकी दहांतले चेहरे मी पाहिले. नवऱ्याने बायकोकडे बघितलं, बायकोने कपाटाकडे.

दुसऱ्या दिवसापासून किल्ल्या परत जायला लागल्या. "मावशी, आमच्याकडे माझ्या सासूबाई येताहेत राहायला." "मावशी, कुलूपच बदलतोय आम्ही." "आमचं बाहेरगावी जाणं रद्द झालंय, किल्ली असू दे घरीच." एकीने तर मावशी फरशी पुसत असताना समोर बसून चमचे मोजले. खरं कारण एकीनेही सांगितलं नाही. माणसांची ही सवय मला कधी कळलेली नाही. शंका घेतात तोंडावर, आणि कारण सांगतात पाठीला.

आठ दिवसांत दहा किल्ल्या गेल्या. जुडगा वाजेनासा झाला. एका किल्लीचा काय आवाज होणार?

मावशीने घरी सांगितलं तर शेजारणी म्हणाल्या, "तुझंच काही चुकलं असेल. पेपरात एवढं चांगलं छापलंय, आणि लोक काढतील कशाला?" शेवटी चमचेवाली बाई एकदा चिडून बोलली, "पेपरात फोटो आला तुझा, आणखी काय सांगायचं?"

"आला ना!" मावशी म्हणाली. "भिंतीवर लावलाय मी."

"भिंतीवर?" त्या बाईचे डोळे पांढरे झाले. "लाज कशी वाटली नाही तुला?"

मावशी घरी आली, भिंतीवरचं कात्रण काढलं आणि दुसऱ्या दिवशी त्या बाईपुढे धरलं. बाईने बघितलं आणि म्हणाली, "हे कुठून छापून आणलंस?" दार लागलं.

मग मावशी आमच्या दप्तरात आली. खिडकीवाल्या कारकुनाने फाईल काढली, पान उघडलं. "हे बघा. तुमचा फोटो, तुमचं कौतुक. कुठे आहे चूक?"

"शहरात वेगळं आलंय."

"बाई, पेपर एकच असतो."

"मग दहा घरं खोटी आणि तुझी फाईल खरी?"

"चुकीचा अंक आणा, मग बोला."

दहा-बारा दिवस जुना पेपर कुणाकडे असतो? रद्दीत गेला, कपाटाच्या फळीवर गेला, काचा पुसायला गेला. मावशी दारोदार फिरली. आत, काचेपलीकडे, काकांची मान खाली होती. पट्टी हातात होती आणि तिने ते काहीच मोजत नव्हते.

उरलेली अकरावी किल्ली होती घड्याळवाल्याच्या आईची. आजी मुलीकडे गेली होती, पंधरा दिवस घर बंद, मावशी रोज जाऊन झाडांना पाणी घालत होती. आता मला एक गोष्ट माहीत होती आणि कुणालाच नव्हती. ही आजी आमचा पेपर जपून ठेवायची. एकही अंक टाकायची नाही. बातम्यांसाठी नाही हं. माझ्यासाठी! लेकाची जाहिरात रोज येते म्हणून कौतुकाने गठ्ठा करून पलंगाखाली ठेवायची. आणि करारातच होतं की घड्याळवाल्याच्या आईच्या घरी शहराच्या खेपेतला अगदी पहिल्या गठ्ठ्यातला अंक जायचा. मावशी रोज दारातून तो उचलायची आणि घडी न मोडता टेबलावर ठेवायची; दुसऱ्याचा पेपर आधी आपण उघडायचा नाही हा तिचा नेम, म्हणून तिथे शोधायचं तिच्या डोक्यातही आलं नाही. चोर म्हणून स्वतःचा फोटो तिने स्वतःच्या हाताने नीट ठेवला होता. मी त्या टेबलावर होते, घडीच्या आत, अंधारात. तेरा दिवस.

आजी आली. चष्मा लावून एकेक अंक उघडायला बसली. आणि थांबली.

"अगं ए," तिने हाक मारली. "इकडे ये. ही कोण?"

मावशी हात पुसत आली. बघितलं. बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं, चौथीत शिकलेलं. मग खाली फरशीवरच बसली. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "आजी, मी वेडी नाही. दहा घरं खोटी नव्हती. चला, एवढं तर कळलं."

"किल्ली काढ," आजी म्हणाली.

मावशीने एकुलती किल्ली काढून पुढे केली.

"मला नको देऊस. दाराला लाव कुलूप. आपण पेपरात जातोय. आणि वाटेत माझ्या लेकाला दुकानातून उचलू."

दप्तरात अशी गर्दी कधी झाली नव्हती. एका बाजूला मालक, दुसऱ्या बाजूला मावशी आणि आजी, मधे घड्याळवाला घाम पुसत, दारात काका. टेबलावर मी, उघडी.

मालकांनी अंक बघितला. चेहरा जरा उतरला, पण आवाज नाही उतरला. "ठीक आहे. दिलगिरी छापू. सहाव्या पानावर."

"सहाव्या पानावर मेलेल्यांचे फोटो छापता तुम्ही," मावशी म्हणाली. "मी मेले नाही. जिथे चोर केलंत तिथेच छापा. वरती. तिथेच लोक बघतात, म्हणूनच तर विकता."

"बाई, पहिल्या पानावर बातम्यांची जागा असते. आणि ती चौकट विकलेली आहे. वर्षभरासाठी. यांना."

सगळ्यांनी घड्याळवाल्याकडे बघितलं. तो म्हणाला, "आई, करार आहे. एक दिवस गेला की लोकांना वाटतं दुकान बंद पडलं."

"तुझ्या शेजारी चोर नको म्हणून हिला चोर केली," आजी म्हणाली. "अट तुझी होती. एक दिवस तुझे काटे दहा वाजून दहावर नाही दिसले तर सूर्य उगवायचा राहणार नाही. दे तिला."

घड्याळवाल्याने दिली. आईपुढे कुणाचा करार चालतो?

मालकांनी कागद ओढला. "लिहा. तांत्रिक कारणामुळे झालेल्या चुकीबद्दल..."

"हे तांत्रिक कारण कुठल्या टेबलावर बसतं?" मावशीने विचारलं. "मला दाखवा. मला त्याच्याशी बोलायचंय."

दारातून काका पुढे आले. "माझं नाव घाला. चिकटवणारे हात माझेच."

मावशीने त्यांच्याकडे बघितलं. पांढरे केस, डिंकाने कडक झालेली बोटं. "हात तुमचे," ती म्हणाली. "तोंड कुणाचं?"

काकांनी पट्टी या काखेतून त्या काखेत घेतली. नोकरीची दोन वर्षं उरली होती. मी टेबलावर फडफडले, पंख्याच्या वाऱ्याने फडफडते असं सगळ्यांना वाटलं. बोला की काका! तुम्हीच तर आखलंत मला, सरळ!

"बरं," मावशी म्हणाली. "मी सांगते तसं छापा. आणि शेवटी लिहा, चूक करणारा. त्यापुढे जागा सोडा. ज्याची चूक त्याने भरायची. नाही भरली तर कोरी छापा. सगळं शहर विचारेल की इथे कोण बसतंय."

ती उठली, आजीला हात दिला आणि गेली. मी बरीच मोठी माणसं बघितलीत. माझ्या आत बसायला धडपडणारी. पण त्या दिवशी चार इयत्ता शिकलेल्या बाईने शहरातली सगळ्यात महाग जागा कोरी मागितली आणि मालकासारख्या माणसाने ओढलेला कागद मागे सारला. मी आ वासून बघत होते. माझ्या जागेत इतकी ताकद आहे, हे मला साबण-तेलवाल्यांनी कधी कळू दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाराला दहा कमी. काकांनी मावशीच्या ओळी माझ्यात लावल्या. शेवटी जागा. मग खिशातून कागदाची एक बारीक पट्टी काढली, स्वतःचं नाव छापलेली. डिंक लावला आणि चिकटवली. या वेळी पोलादी पट्टी लावून बघायचं राहिलं.

मालक आले. चष्मा खाली आणला. बराच वेळ वाचत राहिले. मशीनवाला आतून ओरडला, "पान देताय ना?"

"काका," मालक हळूच म्हणाले, "तिरकी लागलीय."

काकांनी आयुष्यात काही तिरकं लावलं नव्हतं. त्यांनी बघितलं. खरंच तिरकी होती. ते ब्लेड शोधायला लागले, सापडेना. मालकांनी नखाने ती पट्टी उचलली, चुरगळून खिशात टाकली. "पेन द्या," म्हणाले. "छापून आणायला वेळ नाही."

पेन माझ्या पोटावरून फिरलं. गार, ओलं. माझ्यावर हाताने कुणी लिहिल्याची ती पहिली वेळ. काय लिहिलं ते मला दिसलं नाही, पण काकांचा चेहरा दिसला. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा ठेवली, आणि तोंड फिरवून नाक शिंकरलं. मशीन सुरू झालं आणि त्या दिवशी दोन्ही खेपांना एकच पत्रा होता.

चाळीस हजार ठिकाणी लोक माझ्यावर वाकले. बसमध्ये एकाने वाचलं आणि शेजारच्याला कोपर मारलं. न्हाव्याने वस्तरा थांबवला. घड्याळ कुठे गेलं म्हणून बघायला वाकणारे घड्याळ विसरले. त्या दहा घरांत तर कुणी कुणाकडे बघितलंच नाही.

किल्ल्या परत आल्या. सगळ्या नाही. आठ आल्या. दोन घरं शरमेने पुढे झाली नाहीत, मोलकरीण बदलून मोकळी झाली. चमचेवाली मात्र स्वतः जिना उतरून किल्ली घेऊन आली. मावशी तिला म्हणाली, "घरात येईन, काम करीन. किल्ली तुमच्याकडेच ठेवा. मला आता तुमचा भरवसा नाही."

आता माझे दिवस पालटलेत. हल्ली पहिल्या पानावर आणखी एक गुळगुळीत पान चढवतात, सगळंच्या सगळं जाहिरातीचं, आणि मी त्याच्या खाली दबून जाते. पान लावायला पट्टी लागत नाही, पडद्यावर लावतात. पट्टीकाका घरी असतात. मालक थकलेत. पेपर घेणारे हातही थोडे राहिले. मला वाईट वाटत नाही. ज्याला एकदा तसं वापरलं गेलं त्याला पुष्कळ झालं. तुम्हाला एवढंच सांगते: वर मोठी जाहिरात दिसली की तिच्या खाली कोण आहे तेही बघत जा. आणि चेहरा बघितलात तर मजकूरही वाचा.

मावशीच्या भिंतीवर आता दोन कात्रणं आहेत. दुसरं लावण्याआधी त्या संध्याकाळी तिने ते मांडीवर घेतलं होतं, शेजारणी भोवती बसल्या होत्या, आणि तिने बोट ठेवून मोठ्याने वाचलं. तेव्हाच मला कळलं माझ्या पोटात काय होतं.

"'मागे याच चौकटीखाली एका बाईचा फोटो चोर म्हणून छापला. ती चोर नाही. तिने पिशवी दोन तास राखली आणि जिची तिला दिली. तिच्याकडे किल्ली ठेवून कुठेही जा, परत याल तेव्हा झाडं जिवंत असतील. चूक करणारा...'"

इथे मावशी अडली. पुढचं अक्षर छापील नव्हतं, हाताचं होतं, तिरकं आणि घाईचं.

"वाच ना ग," शेजारीण म्हणाली.

"थांब, जुळवते." तिने बोट पुढे सरकवलं. "मा... ल... क."